मेळ्यात लोकर घ्यायला जाताय? आधी ऑर्डर मोजा, मग पिशवी उघडा



नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर आपला माल घेऊन येतात. आपल्या गोंदिया, तिरोडा, आमगावकडच्या ज्या ताई घरून विणकाम किंवा क्रोशाचं काम करतात, त्यांच्यासाठी ही पर्वणीच. पण एक गोष्ट नेहमी घडते. समजा, ताई ५,००० रुपये घेऊन निघतात आणि रंग बघून पिशवी भरतात. उन्हाळा येईपर्यंत त्यातली निम्मी लोकर पेटीतच पडून असते. मग नवीन ऑर्डर आली की हातात पैसा नसतो. बीबीएच्या पुस्तकात याला 'वर्किंग कॅपिटल अडकणं' म्हणतात. घरच्या भाषेत सांगायचं तर धंद्याचा श्वास कोंडतो.

म्हणून आज एकच गोष्ट पक्की करू: खरेदीची यादी रंगावरून करायची नाही, हातातल्या ऑर्डरवरून करायची.

मेळा आणि बाजार, दोन्हीचं काम वेगळं

मेळ्यात तयार वस्तू जास्त असतात. तिथे डिझाइन बघा, रंगसंगती बघा, पॅकिंग बघा, कोणती वस्तू किती किमतीला जाते ते वहीत लिहा. लोकर आणि सुया ठोक भावात हव्या असतील तर इतवारी, गांधीबागेत चौकशी करा. गोंदियाहून रेल्वेने गेलात तर इतवारी स्टेशन नागपूरच्या आधीच लागतं. तुमची गाडी तिथे थांबते का, ते बघून घ्या. आधी यादीप्रमाणे बाजार करा, मग उरलेल्या पैशांत मेळा फिरा. मेळ्याच्या तारखा आणि वेळ निघण्याआधी विचारून घ्या.

प्रवासाचा हिशोबही मांडा. समजा तिकीट, ऑटो आणि जेवण मिळून ३०० रुपये गेले. तुम्ही १,००० रुपयांचाच माल आणला, तर तो माल तुम्हाला १,३०० ला पडला, म्हणजे ३० टक्के महाग. तेच तिघींनी यादी एकत्र केली, एकीलाच पाठवलं आणि ६,००० चा माल आणला, तर हा भार ५ टक्क्यांवर येतो. बचत गटाचा फायदा इथे घ्या ना!

दुकानात काय तपासायचं?

१. लोकर की अ‍ॅक्रिलिक? आपल्याकडे दोन्हीला सरसकट लोकरच म्हणतात. लेबल वाचा. शंका आली तर घरी छोटा धागा चिमट्यात धरून जाळून बघा, जवळ पाणी ठेवून. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही, स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे. फक्त ग्राहकाला तेच नाव सांगून विका.

२. लॉट नंबर. एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची घ्या. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलू शकते. अंगावर आल्यावर तो पट्टा लगेच दिसतो.

३. वजनासोबत मीटर. १०० ग्रॅम जाड धाग्यात मीटर कमी, बारीक धाग्यात जास्त. लेबलवर मीटर दिले असतील तर किमतीला मीटरने भागा. स्वस्त वाटणारा गोळा कधी कधी महाग निघतो.

४. सुईचा नंबर. इथे बरेच जण फसतात. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते, त्यात ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर आणि १० नंबरची ३.२५ मिलिमीटर. म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन पद्धतीत उलटं, ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. व्हिडिओ अमेरिकन असेल आणि सुई इथली, तर माप चुकणारच. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर मागा. क्रोशातही तसंच आहे. अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'डबल क्रोशे'.

आता खरा हिशोब

समजा बाळाचा सेट आहे: स्वेटर, टोपडं, मोजे. लोकर १५० रुपये, बटणं आणि पॅकिंग ३०, प्रवासाचा वाटा २०. वेळ १२ तास, तासाला ४० रुपये धरले तर ४८०. खर्च झाला ६८०. त्यावर २० टक्के नफा धरला तर किंमत ८१६. आता बाजारात रेडीमेड सेट ३५० ला मिळत असेल तर तुमचा सेट सगळ्यांना विकला जाणार नाही. मग नावाचं विणकाम, मागणीप्रमाणे रंग, बारशाची भेट म्हणून पॅकिंग, यासाठी जो ग्राहक पैसे देईल त्याच्याकडून अ‍ॅडव्हान्स घ्या आणि तेवढीच लोकर आणा. स्वतःची मजुरी शून्य धरून ३५० ला विकू नका. तो धंदा नाही, मैत्रिणींनो, ती फुकटची सेवा आहे.

हंगामही बघा. आपल्या जिल्ह्यात थंडी चांगली पडते, पण गरम कपडे विकायला जेमतेम तीन महिने मिळतात. हाताने विणायला दिवस लागतात, म्हणून हिवाळ्याची लोकर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच घरात हवी. हिवाळ्यातल्या मेळ्यातून लोकर आणून स्वेटर विणायला बसलात तर विकायला फाल्गुन उजाडेल. त्या वेळी सुती धागा घ्या. तोरण, पर्स, की-चेन बारा महिने चालतात.

आपल्या दाराशी असलेला धागा

आपल्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोसे होतात. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगावचे विणकर त्याच टसरचं कापड विणतात. करवतकाठी साडी तुम्ही पाहिलीच असेल. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, म्हणून ते नाव. ज्या कोशांतून सलग धागा निघत नाही, त्यांच्यापासून हाताने घीचा धागा काढतात. तो जाडसर, थोडा उंचसखल, मूळचाच सोनेरी-तपकिरी. क्रोशाच्या पर्सला किंवा शालीच्या काठाला उठून दिसतो. महाग आहे, म्हणून सुरुवातीला नमुन्यापुरताच घ्या. रेशीम म्हणून विकणार असाल तर सिल्क मार्कची चौकशी करा. आणि विणकराशी भाव करताना जरा जपून. "भाऊ, दर महिन्याला घेतलं तर काय लावाल?" असं विचारा. एकदाच्या घासाघीसपेक्षा कायमचा फोन नंबर जास्त कामाचा.

या आठवड्याचं काम

वहीत तीन रकाने करा: हातात असलेली ऑर्डर, तिला लागणारा धागा, घरात पडून असलेला धागा. दुसऱ्यातून तिसरा वजा करा. जे उरेल तीच तुमची खरेदी. एकूण रकमेच्या जास्तीत जास्त दहावा भाग नवीन प्रयोगासाठी ठेवा, म्हणजे ५,००० मध्ये ५००. रंग बघून मोह झाला तर तो या ५०० मध्येच बसवा.

वही भरली की मगच गाडीचं तिकीट काढा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!