उगवता नट

समुद्रकाठच्या चौलला भात कापून झालं, की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वालाचं रोप वाढताना तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? सगळ्यांनी? खोटं! तुम्ही पाहिलंय ते वाढलेलं रोप. काल बोटाएवढं, आज वीतभर. वाढताना बघायचं, तर दादासाहेब फाळक्यांची युक्ती हवी.

साल १९१२. फाळके नुकतेच लंडनहून कॅमेरा घेऊन आले होते. डोक्यात ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा, पण खिशात पैसे नाहीत आणि हाताशी नटही नाहीत. मग त्यांनी कॅमेऱ्यापुढे कोणाला उभं केलं? कुंडीतल्या वाटाण्याला! रुसत नाही, उशिरा येत नाही, पगार म्हणून पाणी. संवाद विसरायची भीतीही नाही, मूकपटच तो.

थांबून थांबून, बरेच दिवस ते त्याची चित्रं घेत राहिले. पडद्यावर मात्र रोप बघता बघता वर आलं. अशा करामतीमुळे फाळक्यांवर पैसा लावणाऱ्यांचा विश्वास बसला आणि ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना! नट म्हणून वाटाणा किती सोपा होता, ते तेव्हा फाळक्यांना कळलं असेल.

आता युक्ती. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रं दाखवत. चित्रं त्याच वेगाने घेतली, तर माणूस नेहमीसारखा चालतो. पण तासाला एकच चित्र घेतलं आणि दाखवताना वेग १६चाच ठेवला, तर? पडद्यावरच्या एका सेकंदात १६ तास मावतात!

तुम्हीही करून बघा. कुंडीत वाल पेरा आणि घरचा जुना मोबाइल घ्या. तो घट्ट बांधा, नाहीतर रोपाऐवजी कुंडीच नाचेल. कुंडी पडवीत ठेवा, बाहेर समुद्राचा वारा झोडपतो. रोज दिवसा तासाला एक, असे १२ फोटो काढले, तर १० दिवसांत १२० होतील. म्हणजे सिनेमा साडेसात सेकंदांचा. मेहनतीच्या मानाने फारच छोटा, कबूल.

शेजारी वाटाणाही पेरा, गंमत येईल. वाल मान वाकवून वर येतो आणि आपली दोन्ही दलं मातीबाहेर काढतो. वाटाणा दलं मातीतच ठेवून नुसता कोंब वर पाठवतो. फाळक्यांच्या नटाने तेच केलं असणार.