पाळणा हलण्याआधी विम्याचा हिशेब

घरात पाळणा हलणार अशी खबर आली की आपला दुकानदार वा कारागीर बंधू विमा एजंटला गाठतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. आरोग्य विमा अचानक कोसळणाऱ्या आजारासाठी असतो. बाळंतपण आधी ठाऊक असलेला खर्च, म्हणून साध्या मेडिक्लेममधून तो वगळलेला असतो. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला तर मात्र ते आजारपण धरले जाते. विमा जायज की नाजायज हे उलेमांना विचारावे. येथे फक्त जमाखर्च मांडला आहे.

काही पॉलिसींत जादा हप्ता घेऊन बाळंतपणाचे कलम मिळते. पण पॉलिसी घेतल्यापासून ठराविक मुदत जावी लागते. ती कुठे नऊ महिने, कुठे दोन ते चार वर्षे. शिवाय विम्याची रक्कम 5 लाख असली तरी बाळंतपणाची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असते. समजा, या कलमापोटी दरसाल 6,000 रुपये जादा जातात, मुदत तीन वर्षे आणि मर्यादा 40,000 रुपये आहे. चौथ्या वर्षी मूल झाले तर 24,000 भरून 40,000 मिळाले. पाचव्या वर्षी झाले तर भरलेली रक्कम 30,000. आणि सीझरचे बिल 80,000 आले तर निम्मे खिशातूनच. याला विमा म्हणण्यापेक्षा भिशी म्हणावे!

खरा धोका बाळंतपणात नाही, बाळात आहे. मूल दिवस भरण्याआधी जन्मले की त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागते. खाजगी इस्पितळात रोजचे बिल हजारांत, आणि मुक्काम तीन-चार आठवड्यांचाही होतो. दुकानाचे भांडवल मोडते ते इथे. अनेक पॉलिसी बाळाला 90 दिवसांनंतरच सामावून घेतात, म्हणजे धोक्याचा काळ उलटल्यावर! बाळंतपणाचे कलम असेल तर पुष्कळदा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. म्हणून एजंटला पहिला सवाल हाच करावा की, बाळ कोणत्या दिवसापासून आणि किती रकमेपर्यंत? उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगावे.

खोलीच्या भाड्याकडेही लक्ष द्यावे. मर्यादा रोज 2,000 ची आणि आपण 4,000 ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत नुसते भाडेच नव्हे, डॉक्टरांची फी व ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने कापला जातो.

ज्याच्या कारखान्यात दहा वा अधिक माणसे आहेत त्याने राज्य कामगार विमा योजना पाहावी. 2019 पासून मालकाचा हिस्सा पगाराच्या 3.25 टक्के व कामगाराचा 0.75 टक्के ठरला. पगाराची मर्यादा 2017 मध्ये 21,000 रुपये करण्यात आली. कामगाराच्या बायकोचे बाळंतपणही यात येते. यंत्रमागवाले हे टाळतात, आणि मग त्याच कामगाराला बाळंतपणासाठी उचल देतात.

विमा नसलेल्यांसाठी सरकारी दवाखाना आहेच. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे तेथे सीझर, औषधे, तपासण्या, रक्त व जेवण मोफत मिळाले पाहिजे, आजारी तान्ह्या बाळाचे उपचारही. गर्दी असते, तरी नाव आधीपासून नोंदवून ठेवण्यात कमीपणा मानू नये.

स्वतः घेतलेल्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून माफ झाला आहे. जुन्याच दराने कोणी मागत असेल तर पावती तपासावी. बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांत करावी, आणि दाखला हाती येताच त्याची नक्कल व अर्ज कंपनीकडे देऊन पोच घ्यावी.