हरवलेली फाइल परत आणताना
विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, संगणकात ‘फाइल हिस्टरी’ची सोय आहे. ती चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या बदललेल्या फाइलींची प्रत दर तासाला बाहेरच्या डिस्कवर जाते. फाइल परत आणायची तर डिस्क जोडून कंट्रोल पॅनलमधून जुन्या प्रती उघडाव्यात, बाणांनी हवी ती तारीख गाठावी आणि हिरवे बटण दाबावे. त्याच नावाची फाइल जागेवर असेल, तर घाईने ‘रिप्लेस’ करू नये. आजचे काम कालच्या प्रतीने पुसले जाते. प्रत वेगळ्या फोल्डरात उतरवून आधी उघडून पाहणे केव्हाही चांगले. सेटिंगचे मात्र निराळे. वॉलपेपर, भाषा, वाय-फायचे पासवर्ड विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यातून परत आणता येतात. बाहेरून घेतलेले बहुतेक प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात.