अर्भकाचे श्रवण आणि भाषेचा पाया

अर्भकाची भाषा बोलण्यापूर्वी कानांत घडते. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज यांच्या १९८४ च्या संशोधनात इंग्रजीभाषी घरांतील ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक अर्भकांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद ओळखता आला. १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्यांना तो साधला. हिंदीभाषी घरांतील बालकांत मात्र तो टिकून होता. मराठीतही 'ताक' व 'टाक' हे शब्द याच भेदावर उभे आहेत.

श्रवणदोष असलेल्या बालकाचा हा मोलाचा काळ निष्फळ जाण्याचा संभव असतो. टाळीला दचकणे ही श्रवणाची खात्रीची कसोटी नव्हे. यास्तव १ महिन्याच्या आत यंत्राद्वारे श्रवणचाचणी, ३ महिन्यांपर्यंत निदान व ६ महिन्यांपर्यंत उपाययोजना, असा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे.