कॉर्व्हेटमधून हवामान-नौका

मॅचबॉक्स या ब्रिटिश कंपनीने 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘एचएमएस ब्लूबेल’ या युद्धनौकेचं 1:72 प्रमाणातलं प्लॅस्टिक किट काढलं. पुढे रेव्हेलने तेच किट पुन्हा बाजारात आणलं. मूळ जहाज सुमारे 62.5 मीटरचं, मॉडेल जवळपास 87 सेंटिमीटरचं. सोबतच्या कागदाबरहुकूम जोडलं, तर पाणबुड्यांच्या मागावर असलेली कॉर्व्हेट तयार होते. थोडी करवत, थोडा पत्रा आणि भरपूर अभ्यास यांची जोड दिली, तर त्याच सांगाड्यातून अटलांटिकमध्ये ठाण मांडून हवामानाच्या नोंदी घेणारी नौका घडते. मॉडेलकारासाठी याहून समाधानाचं काम क्वचितच असेल, कारण खऱ्या गोदीतही हे रूपांतर झालेलं आहे.

ब्लूबेल फ्लॉवर वर्गातली. मिडल्सब्रोजवळच्या स्मिथ्स डॉक गोदीतले विल्यम रीड यांनी ‘सदर्न प्राइड’ या व्हेलशिकारी जहाजावरून या वर्गाचा आराखडा बेतला. युद्धनौका बांधायची सवय नसलेल्या लहान गोद्यांनाही ती बांधता यावी, हा हेतू. एकच पंखा, वाफेचं इंजिन, वेग जेमतेम 16 नॉट. अशा अडीचशेहून अधिक नौका बांधल्या गेल्या. त्या वादळात बेफाम हेलकावत, पण तग धरत.

हा तग धरण्याचा गुण शांततेतही उपयोगी पडला. 1946 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उत्तर अटलांटिकमध्ये हवामान-नौकांची 13 ठाणी ठरली. विमानं महासागर ओलांडू लागली होती आणि वाटेतलं हवामान सांगणारं कुणीतरी हवं होतं. ब्रिटनने त्यासाठी चार कॉर्व्हेट घेतल्या. त्यांतली ‘मार्गरीट’ 1947 मध्ये ‘वेदर ऑब्झर्व्हर’ या नावाने कामावर रुजू झाली. मार्गरीट आणि ब्लूबेल एकाच मूळ आराखड्यावरच्या, म्हणून हे किट या रूपांतराला साजेसं.

काम सुरू होतं फोटोंपासून. जहाज कोणत्या वर्षी कसं दिसत होतं, हे आधी ठरवायचं. दोन वेगळ्या वर्षांची डोलकाठी आणि होड्या एकाच डेकवर आल्या, तर जाणकाराची नजर तिथेच अडखळते. मग वजाबाकी. नाळेकडची 4 इंची तोफ, पॉम-पॉम, डेप्थ चार्ज आणि ते फेकणारी यंत्रं खोक्यातच राहतात. त्यांच्यासाठी डेकवर पाडलेली भोकं पुटीने बुजवून, घासून सपाट करायची. हे कंटाळवाणं काम घाईने उरकून टाकलं, तर रंगाचा हात फिरताच प्रत्येक खड्डा वर येतो.

बेरजेतला मुख्य भाग मागच्या बाजूची फुग्यांची खोली. उंच आकाशातलं तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारं रेडिओसोंड हे यंत्र फुग्याला बांधून सोडत. भर वाऱ्यात, हलत्या डेकवर एवढा फुगा फुगवायचा तर आडोसा हवा आणि फुगलेला फुगा बाहेर काढायला मोठा दरवाजा. ही गरज ध्यानात ठेवली की खोलीची उंची आणि दरवाजाची जागा उमगते. आधी पुठ्ठ्याची खोली करून डेकवर ठेवायची, फोटोशी ताडायची आणि मगच स्टायरीनचा पत्रा कापायचा. अर्धा मिलिमीटर पत्रा या प्रमाणात 36 मिलिमीटर जाडीचा होतो. जहाजाच्या भिंतीला ही जाडी फार. म्हणून दरवाजाच्या उघड्या कडा आतून तिरप्या घासून पातळ करायच्या.

मॉडेल पाण्यात सोडायचं असेल, तर आणखी एक हिशेब आहे. कॉर्व्हेटचं प्रमाणित विस्थापन 925 ब्रिटिश टन. लांबी 72 पट कमी झाली की वजन 72 च्या घनाने कमी होतं. म्हणजे मॉडेलच्या वाट्याला मोटार, बॅटरी धरून सुमारे अडीच किलो. फुग्यांच्या खोलीचं वजन डेकच्या वर बसतं, त्यामुळे ती शक्य तितकी हलकी करायची आणि शिसं किंवा बॅटरी तळाशी, कण्यालगत ठेवायची. नाहीतर पहिल्याच वळणाला मॉडेल कलंडेल.

मराठी मॉडेलकाराला या किटमध्ये आणखी एक मोह आहे. युद्धाच्या अखेरीस आणि लगेच नंतर अशा चार कॉर्व्हेट रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या: सिंध, आसाम, गोंडवाना आणि महरट्टा. ‘महरट्टा’ म्हणजे पूर्वीची ‘चारलॉक’. मात्र ही चौकडी सुधारित फ्लॉवर वर्गातली. त्यांची नाळ अधिक चढती आणि बाहेर अधिक पसरलेली, म्हणून ब्लूबेलच्या सांगाड्यावर नुसतं नाव रंगवून ‘महरट्टा’ होत नाही. नाळ कापून वर चढवावी लागेल, पुटीने नवा फुगवटा द्यावा लागेल आणि दोन्ही बाजू तंतोतंत जुळवाव्या लागतील. डेकवरचं सामान बदलणं हातच्या कसबावर निभतं. पाण्याला भिडणारा आकार बदलायचा तर जहाजाचा आराखडाच वाचता यावा लागतो. ‘वेदर ऑब्झर्व्हर’ पुरी करणाऱ्याने पुढचं किट ‘महरट्टा’साठीच राखून ठेवावं. आपल्या नावाचं जहाज तेवढ्या मेहनतीचं मानकरी आहे.