लग्न आपल्या मापाचं

श्रीरामपूर, राहाता, नेवासा या पट्ट्यात 'यादी पे शादी' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. देण्याघेण्याची यादी करायला दोन्हीकडची माणसं बसतात, बोलणी सुरळीत होतात, कुणीतरी ज्येष्ठ म्हणतो, "सगळे आलेच आहेत, तर आजच उरकून टाकू," आणि दिवस मावळायच्या आत मुलगी सासरी. याच पट्ट्यात दुसरा नमुनाही आहे. रस्त्याकडेच्या लॉन्सवर हजारांची पंगत, मुहूर्त साडेबाराचा. पण पुढाऱ्यांची गाडी अजून वाटेत, म्हणून मंगलाष्टकं दोनला. तोवर नवरा-नवरी ताटकळलेले आणि माईक सत्कारात अडकलेला. खर्चात दोन्हींचं टोक वेगळं, पण ज्यांचं लग्न त्यांना विचारण्याची पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखीच.

'आम्हाला वेगळं लग्न करायचंय' असं म्हणणारी पोरं-पोरी आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं वेगळेपण ड्रोन, धुराच्या नळ्या आणि प्री-वेडिंगच्या व्हिडिओपाशी थांबतं. हे सगळं आता इतकं सर्रास झालंय, की त्याला रूढीच म्हणायला हवं. मे 2025 मध्ये हुंड्यासाठी छळाच्या आरोपांनी गाजलेल्या प्रकरणात वैष्णवी हगवणेचा मृत्यू झाला. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाच्या आचारसंहितेची चर्चा झाली, तीही याच थाटावर बोट ठेवणारी होती. लग्न खरोखर बदलतं ते तीन ठिकाणी: शब्द कोण बोलतं, काय बोलतं आणि खर्च कोण करतं.

या तिन्ही ठिकाणी हात घालणारं लग्न पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी झालं. 24 सप्टेंबर 1873 ला जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट व राधा निंबणकर यांचं लग्न भटजीशिवाय लागलं. राधेची आई बजूबाई ही सावित्रीबाई फुल्यांची मैत्रीण. खर्चाचा भार सावित्रीबाईंनी उचलला. पुढे 1887 मध्ये जोतीरावांनी विधींचं पुस्तकच छापलं. त्यातली मंगलाष्टकं म्हणजे वधू आणि वराचा संवाद आहे. नवरी स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते, नवऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. आजच्या कितीतरी 'हटके' लग्नांत नवरी दिवसभर तोंड उघडत नाही, ती फक्त फोटोसाठी हसते. त्या मानाने हे 1887 चं पुस्तक फारच पुढचं वाटतं. ओतूरला जोशीपणाच्या, म्हणजे लग्न लावण्याच्या परंपरागत हक्कासाठी प्रकरण कोर्टात गेलं, इतकी ही लग्नं झोंबली होती.

श्रीरामपूरला या परंपरेचा धागा जवळचा आहे. इथलं बोरावके महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे ही संस्था काढली, ती सत्यशोधकी विचारांच्या वातावरणातच. म्हणजे इथल्या दोघांची ओळख ज्या कॉलेजात होते, त्याच्याच वंशावळीत लग्नाचा हा नमुना सापडतो. आज महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 'जोडीदाराची विवेकी निवड' हा उपक्रम चालवते. लग्न ठरण्याआधी एकमेकांना काय विचारायचं, इथपासून त्याची सुरुवात होते.

घरच्या घरी नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांची यादीही मोठी आहे. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचं लग्न 12 जून 1946 ला रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने झालं. आठ आण्यांचा फॉर्म हा त्यातला गाजलेला खर्च. डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांनी 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत राहत्या घरीच नोंदणी विवाह केला.

आता कायदा. मनासारखं लग्न करताना सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. समज असा असतो, की दोघांनी हार घातले, केक कापला, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी केली की झालं. 19 एप्रिल 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की हिंदू विवाह कायद्याखाली रूढीप्रमाणे विधी झालेच नसतील, तर नोंदणीचा दाखला लग्न घडवू शकत नाही. त्या दोघांकडे दाखला होता, विधी झाले नव्हते. लग्न झालंच नाही, असं ठरलं. तमिळनाडूने पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांसाठी कायद्यात वेगळं कलम घातलंय, महाराष्ट्रात तसं कलम नाही. त्यामुळे हिंदू विवाह कायद्याखालीच राहायचं असेल, तर आपल्याकडे रूढ असलेला विधी करा आणि त्याचे फोटो, साक्षीदार सांभाळून ठेवा. सप्तपदी असेल, तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. कन्यादान मात्र बिनदिक्कत गाळता येतं. ते अत्यावश्यक नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये सांगितलं. विधी हवेत पण अर्थासकट हवेत, असं वाटणाऱ्यांसाठी पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने तयार केलेले पुरोहित आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत.

विधी नकोच असतील, तर 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकजण जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं. वय मुलाचं 21, मुलीचं 18 पूर्ण. साक्षीदार तीन. अधिकाऱ्यासमोर एक छोटंसं वाक्य दोघांनी आपल्याला कळणाऱ्या भाषेत म्हणायचं. बाकी समारंभाचं स्वरूप तुमच्या मर्जीवर. जादा फी भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरावर बोलावण्याची सोयही कायद्यात आहे, म्हणजे आंब्याच्या झाडाखाली सही होऊ शकते. अर्थात अधिकाऱ्याला वेळ आहे का, ते आधी विचारून घ्या.

इथे शेतकरी कुटुंबांत हमखास प्रश्न येतो: "रजिस्टर लग्न केलं तर सातबाऱ्याचं काय?" दोघं हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, मग जात कुठलीही असो, तर 1976 च्या दुरुस्तीनंतर काही बिघडत नाही. पण जोडीदार ख्रिस्ती वा मुस्लिम असेल, तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं धरलं जातं आणि वारसाहक्क 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. हिस्सा बुडत नाही, वेगळा होतो. ज्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मेरीमातेची यात्रा दर सप्टेंबरला भरते, तिथे अशा जोड्या काही नवलाच्या नाहीत. एक जण ख्रिस्ती असेल, तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचा मार्गही खुला असतो. कुठला घ्यायचा, ते वकिलाला विचारून ठरवावं. एकजण अनुसूचित जातीचा आणि दुसरा सवर्ण असेल, तर समाजकल्याणकडून 50,000 रुपयांचं आंतरजातीय विवाहाचं अर्थसाहाय्यही मिळतं.

कायद्याइतकंच लग्न आपल्या स्वभावालाही जुळायला हवं. चार माणसांपुढे बोलताना ज्याला घाम फुटतो, त्याने स्वतः लिहिलेली लांबलचक शपथ माईकवरून वाचायच्या फंदात पडू नये. त्याच्यासाठी ते कायद्यातलं एक वाक्य पुरे. उलट ज्यांना नाचगाणं मनापासून आवडतं, त्यांनी साधेपणाच्या नावाखाली तोंड पाडून का बसावं? रात्रीचं जागरण-गोंधळ नीट कलावंत बोलावून केलं, तर ते कुठल्याही डीजेपेक्षा रंगतं. घरच्यांशी भांडणही सगळ्याच मुद्द्यांवर करू नये. हळद आजीची, मांडवडहाळे काकाचे, असं वाटून दिलं, की मानपान आणि आहेर बंद करण्याची बोलणी सोपी होतात. राळेगणसिद्धीने सामुदायिक विवाह केले तेव्हाही लोकांची हौस कुणी काढून घेतली नव्हती.

मुहूर्त न पाहणाऱ्याला एक मोठा फायदा असतो, तो फार कमी जण उचलतात. पौषात आणि चातुर्मासात मुहूर्त नसल्याने कार्यालयं ओस पडतात. आचारी, मांडववाले मोकळे असतात आणि भावावर घासाघीस करता येते. पौष म्हणजे साधारण जानेवारी. ज्वारी हुरड्यात आलेली. पन्नास-साठ माणसं, शेतात आगटी, हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, मग वांग्याचं भरीत आणि भाकरी. उरलेल्या बुंदीचं काय करायचं, हा प्रश्नच नाही. फक्त गाळपाचा हंगाम ऐन भरात असतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि निम्मे सोयरे तोडीच्या गडबडीत. तेव्हा वेळ सकाळी उशिराची ठेवा.

हिशेब उलटा मांडावा. पौषातलं लग्न धरलं, तर दिवाळीचा फराळ संपला की लगेच नोटीस द्यावी. तीस दिवस सरतात तोवर मार्गशीर्ष येतो आणि तीन महिन्यांची मुदत पौष ओलांडून पुढे जाते. नोटिशीचा अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येतो. वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो जवळ ठेवा. तीन साक्षीदार आताच पक्के करा. त्यांतला एक तरी असा निवडा, ज्याला त्या दिवशी कारखान्यावर जायचं नाही.