चूक शोधावी, उपाय टाकूं नये

दुकानांतलें एखादें वजन खोटें निघालें तर तें बदलावें; त्यासाठीं तागडीच मोडून टाकणें हें शहाणपण नव्हे. मुलांच्या रोगनिवारणासही हाच न्याय लागू आहे. ऑस्ट्रेलियांतील बंडाबर्ग शहरीं सन १९२८ मध्यें घडलेली हकीकत या दृष्टीनें प्रत्येक आईबापानें जाणण्याजोगी आहे.

घटसर्प हा त्या काळीं मुलांचा वैरीच होता. घशांत पडदा धरून श्वास कोंडे, आणि रोगाचें विष हृदयापर्यंत पोंचे. म्हणून तेथील नगरपालिकेनें लस टोंचण्याचें काम हातीं घेतलें. २७ जानेवारी रोजीं २१ मुलांस लस टोंचली. त्यांपैकीं १८ आजारी पडलीं व १२ दगावलीं. ज्यांनीं विश्वासानें मुलें पुढें केलीं, त्यांच्या घरीं काय आकांत झाला असेल!

लस मध्यवर्ती सरकारच्याच प्रयोगशाळेची होती; तरीही सरकारनें प्रकरण न दडपतां डॉ. केलवे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी आयोग नेमला. त्याच बाटलींतील लस आधीं कांहीं मुलांस टोंचली असतां अपाय झाला नव्हता. मग दोष कोठें? बाटलींत जंतुनाशक द्रव्य नव्हतें. वारंवार सुई घालतां पू उत्पन्न करणारे जंतु आंत शिरले व उन्हाळ्याच्या उष्णतेंत वाढले. म्हणून, जंतुनाशकावांचून अशी लस अनेक वेळां वापरावयाच्या बाटल्यांतून देऊं नये, अशी आयोगानें शिफारस केली. लसीचें तत्त्व निर्दोष ठरलें.

तरी भीतीनें ऑस्ट्रेलियांत लसीकरण मागें पडलें. चूक बाटलीची, आणि शिक्षा मात्र रोगापुढें उघड्या राहिलेल्या मुलांस! पुढें फ्रान्सच्या रामों यांनीं १९२३ सालीं सिद्ध केलेल्या निर्विष लसीनें हें काम पुन्हां सुरू झालें.

आमच्या मतें यांत दोघांस धडा आहे. अधिकाऱ्यांनीं अपघात लपवूं नये. उघड चौकशीवांचून विश्वास टिकत नाहीं. आणि लोकांनीं ऐकीव गोष्टींवरून मुलांस लसीपासून वंचित ठेवूं नये. आपल्याकडे घटसर्पाची लस सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते: सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत, आणि पुढें ठराविक वयास पुन्हां. खातेवहींतील बाकी आम्ही रोज तपासतों. मुलाचें लसीकरणाचें कार्डही आज एकवार उघडून पाहावें. तेथील बाकी व्याजासह फेडण्याची वेळ कोणावरही न येवो!